दहा गुणांची वही

गेल्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, त्या संध्याकाळी मी बारावीतल्या एका मुलीला बायॉलॉजी शिकवत होते. त्यांचं घर नाशिकमध्ये मखमलाबाद रस्त्याकडे आहे आणि खिडकीखाली एक मोकळा प्लॉट. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं, दोन अलिंदं आणि एक निलय, हे तिने न अडखळता सांगितलं. तो पाण्यात असताना कशाने श्वास घेतो आणि जमिनीवर कशाने, हेही तिला पाठ होतं. खालच्या प्लॉटमध्ये पाणी साठलं होतं आणि तिथून इतका गलका येत होता की तिच्या आईने उठून खिडकी लावली. मी म्हटलं, "हा आवाज कुणाचा, ओळख बरं." ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "रातकिडे असतील ना, ताई?"

टॉर्च घेऊन आम्ही दोघी खाली उतरलो. पाण्यात आठ-दहा नर बेडूक होते, लिंबासारखे पिवळेधमक, आणि ओरडताना प्रत्येकाच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येत होते. विणीच्या दिवसांत या बेडकाचा नर असा रंग बदलतो. पुस्तकातला बेडूक हिरवट-तपकिरी असतो, त्यामुळे हाच तो प्राणी आहे हे तिला आधी पटेचना. मग ती चिखलात चपला रुतवून अर्धा तास उभी राहिली. तिने मला एकामागून एक प्रश्न विचारले. मादी कुठली? सगळे एकदम का ओरडतात? काल इथे काहीच नव्हतं, मग हे आले कुठून? वरून आईची हाक आली, उद्या टेस्ट आहे म्हणून.

ही मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे. तिला डॉक्टर व्हायचंय आणि ती होईलही. पण विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यापासून तिने अभ्यासाचा भाग म्हणून एकही जिवंत प्राणी पाहिलेला नव्हता, आणि हे काही तिच्या एकटीचं नाही. नाशिकमध्ये अशी हजारो मुलं सकाळी सहाला दप्तर घेऊन क्लासला निघतात आणि दिवेलागणीनंतर घरी येतात. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. माझी मागणी छोटी आहे. बारावी बोर्डाच्या जीवशास्त्रात ७० गुण लेखीला आणि ३० गुण प्रात्यक्षिकाला असतात. त्या ३० पैकी १० गुण एका वहीला द्यावेत. प्रत्येक मुलाने एक जिवंत जीव निवडावा, तो वर्षभर पाहावा आणि जे दिसलं ते तारीख-वेळ घालून लिहावं. घरचा कुत्रा चालेल, गल्लीतली मांजर चालेल, सज्जावरचा पारवा, ट्यूबलाइटमागची पाल, सोसायटीच्या फाटकापाशी उभा असलेला बहावा, काहीही चालेल.

मी स्वतः अशाच एका वहीमुळे विज्ञानाकडे आले. आमचं घर तेव्हा पंचवटीत एका जुन्या वाड्यात होतं आणि वाड्यात मनी नावाची मांजर होती. ती कुणा एकाची नव्हती, सगळ्या बिऱ्हाडांची होती. मी चौथीत असताना ती आमच्या माळ्यावर व्याली. आजीने सांगितलं, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवते." मला ते मोजायचं होतं. शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. मनीने पिल्लं सात वेळा नाही, चार वेळा हलवली. दोनदा तरी त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वाड्यातला बोका माळ्याशी येऊन गेला होता. पिल्लांचे डोळे नवव्या दिवशी उघडले आणि सगळ्यांचे निळे होते; पुढे एकेकाचा रंग बदलत गेला. दुपारच्या उन्हात मनीच्या डोळ्यांत उभी रेघ दिसायची आणि रात्री दिव्याखाली पूर्ण गोल. हे सगळं मी आजीला वाचून दाखवायचे. आजी म्हणाली, "चार का होईना, फिरवली ना?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ऐकलेलं आणि मोजलेलं यांत फरक पडू शकतो, आणि दोन्हीत थोडं थोडं खरंही असू शकतं. बोका परकी पिल्लं मारतो आणि मांजर वासाच्या जागा सोडून जाते, हे कारण मला खूप वर्षांनी पुस्तकात सापडलं. ते वाचताना माळा, मनी आणि तो बोका डोळ्यांपुढे उभे होते, म्हणून ते पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

याच वाड्यात दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती सांगणं मला जड जातं. आमच्याकडे पोपट होता. जत्रेतून आणलेला, पिंजऱ्यातला, हिरवा, गळ्याशी गुलाबी कंठ. आम्ही सगळे त्याच्यावर जीव टाकायचो. पेरू, ओली मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, त्याला काही कमी नव्हतं. काही वर्षांनी तो छातीवरची पिसं स्वतःच उपटायला लागला. आम्हाला वाटलं, उष्णता झाली असेल. अकरावीत गेल्यावर मला कळलं की हे पोपट थव्याने राहणारे असतात, एकट्या पडलेल्या पक्ष्यात असं होतं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बाजारात येणारी पिल्लं झाडांच्या ढोलीतून काढून आणलेली असतात, हेही कळलं. बाबा आणि मी त्याला वनखात्याकडे देऊन आलो. त्याला उडता येत नव्हतं, म्हणून बाहेर सोडणंही शक्य नव्हतं. सात वर्षं ज्याच्यावर आम्ही प्रेम केलं, त्याचं आम्ही काय केलं होतं हे मला त्या दिवशी समजलं.

म्हणून कुणी म्हणालं, की मुलांना प्राण्यांची आवड लावा म्हणजे झालं, तर मला ते पुरेसं वाटत नाही. आपल्याकडे आवड भरपूर आहे. हौसेने पाच रुपयाच्या नाण्याएवढं कासव काचेच्या भांड्यात आणतात, गालावर लाल पट्टा असलेलं. ते मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते ताटलीएवढं होतं आणि कित्येक दशकं जगतं. भांड्यात मावेनासं झालं की लोक ते पुण्य समजून तळ्यात किंवा गोदावरीत सोडून देतात आणि तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. मकरसंक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने पंख कापलेले पक्षी सापडतात. त्या पतंगांच्या दोऱ्या ज्यांच्या हातात होत्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी लाडाचा कुत्रा असेल. त्यांचं कुत्र्यावरचं प्रेम खोटं नसतं. ते प्रेम घराच्या दाराशी थांबतं, कारण दारापलीकडे कोण राहतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

याच्या उलट टोकाला आपली परीक्षा आहे. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असतात, त्यातले ९० जीवशास्त्राचे. एका प्रश्नाला एक मिनिट. त्याची सवय लावायला दोन वर्षं लागतात हे मला मान्य आहे आणि ती परीक्षा उद्या रद्द करा असंही मी म्हणत नाही. पण त्या दोन वर्षांत इथे जे घडतं ते पाहा. मी ज्या ज्युनिअर कॉलेजमध्ये होते ते एका क्लासशी टाय-अप असलेलं होतं. प्रात्यक्षिकांचं जर्नल आम्ही आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलवरून दोन रात्रीत उतरवून काढलं, आकृत्यांसकट. सूक्ष्मदर्शकाला मी वर्षभरात दोनदा डोळा लावला. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र वर्गातल्या सगळ्यांना जवळजवळ पूर्ण मिळाले.

एके काळी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक आणि झुरळं कापली जायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्रातल्या विच्छेदनावर बंदी आणली. ते योग्यच झालं. केवळ गुणांसाठी इतके बेडूक मारण्याचं काही कारण नव्हतं. पण मेलेला बेडूक टेबलावरून उचलला, तेव्हा जिवंत बेडकाकडे घेऊन जायची संधी होती. आपण त्याच्या जागी तक्ता टांगला आणि व्हिडिओ लावला. त्यामुळे आजच्या मुलाने बेडूक कापलेला नाही आणि पाहिलेलाही नाही.

पाळलेल्या जनावरांपासून विज्ञानाकडे जाणारी वाट काही माझ्या कल्पनेतली नाही. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून जगाला वळसा घालून आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी, १८५५ च्या सुमारास, त्याने घरी कबुतरं पाळली. तो कबूतरवाल्यांच्या मंडळांत जाऊन बसायचा. पिसाऱ्याचं, फुगीर गळ्याचं, कोलांट्या मारणारं, ही सगळी कबुतरं एकाच रानटी पारव्यापासून माणसाने निवडून निवडून घडवली, हे त्याने दाखवलं. १८५९ च्या त्याच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण रानातल्या प्राण्यांवर नाही, माणसाने पाळलेल्या प्राण्यांवर आणि लावलेल्या झाडांवर आहे. जुन्या नाशकात अजून काही गच्च्यांवर कबुतरांची खुराडी दिसतात. तिथल्या हौशी माणसाला कुठल्या जोडीला कसं पिल्लू होईल याचा जो अंदाज असतो, तो आमच्या वर्गातल्या आनुवंशिकतेच्या गणितांत कधी येत नाही, आणि वर्गातला मुलगा त्या गच्चीवर कधी जात नाही.

चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल गेल्या, २०२५ च्या १ ऑक्टोबरला. चार-साडेचार वर्षांची असताना ही मुलगी कोंबड्यांच्या खुराड्यात कित्येक तास लपून बसली होती, कारण कोंबडीच्या अंगातून एवढं अंडं बाहेर येतं कुठून हे तिला पाहायचं होतं. घरच्यांनी गावभर शोधाशोध केली. मुलगी अंगाला गवत चिकटलेली अशी धावत आली, तेव्हा आई रागावली नाही. तिने खाली बसून अंड्याची सगळी हकीकत ऐकून घेतली. त्या आईची मला अनेकदा आठवण येते. प्राण्यांना मन असतं, स्वभाव असतो, हे आपल्याला रस्टी नावाच्या कुत्र्याने शिकवलं, असं गुडाल पुढे सांगत राहिल्या. १९६० साली त्या गोम्बेच्या जंगलात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती. त्यांनी चिंपांझींना आकडे न देता नावं दिली, म्हणून केंब्रिजच्या प्राध्यापकांनी त्यांना दोष दिला. आणि त्याच नाव दिलेल्या एका चिंपांझीला त्यांनी गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना पाहिलं. हत्यार वापरणारा प्राणी फक्त माणूस, हा समज तिथे संपला. जिव्हाळ्याने नजर आंधळी होते असं आपण धरून चालतो. गुडाल जवळ बसल्या, रोज बसल्या, म्हणून त्यांना दिसलं.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर अलिबागजवळच्या किहीमचं आहे. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली तिथे राहत होते आणि घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीकडे दिवसचे दिवस पाहत बसायचे. त्यांना दिसलं की खोपा नर विणतो. अर्धा विणून थांबतो, माद्या येऊन तपासून जातात, एखादीला पसंत पडला की तो पुरा करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. आपल्या भाषेने त्या पक्ष्याला सुगरण म्हणून विणण्याचं सगळं श्रेय मादीला देऊन टाकलं होतं. पिढ्यानपिढ्या शेताच्या बांधावर लटकणारे खोपे पाहूनही विणणारा कोण ते कुणी बसून पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर लिहिलं नव्हतं.

या सगळ्याला सार्वजनिक प्रश्न का म्हणायचं, ही एका मुलीची आवड नाही का, असं मला विचारलं गेलंय. त्याचं उत्तर नाशिक जिल्ह्यातच आहे.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. माझ्या आजोळी, निफाड तालुक्यात, आजोबा सांगायचे की मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरायची. माझ्या जन्माच्या वेळेपर्यंत ते थवे गेलेले होते. देशभरात या गिधाडांतली शंभरातली पंच्याण्णवच्या वर नाहीशी झाली आणि बराच काळ कारणच सापडत नव्हतं. २००४ साली ते सापडलं, आणि ते जंगलात नव्हतं, गोठ्यात होतं. दुखण्याने बसलेल्या गाई-बैलांना डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडायचे. आपल्या बैलाचं दुखणं कमी व्हावं म्हणून मायेने दिलेलं औषध होतं ते. सरकारने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध उपलब्ध होतंच. आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात. आधी त्या जनावराला कुठलं औषध दिलं होतं हे विचारून मगच. हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर, असं माझ्या मनात येतं. पाळीव आणि रानटी यांच्यात आपण आखलेली रेघ गिधाडाच्या पोटात कुठेच नसते.

बिबट्याचंही तसंच. दारणा काठच्या गावांत, सिन्नर-निफाडच्या उसात, आणि आता नाशिकरोड-देवळालीच्या वस्त्यांतही बिबटे दिसतात. उसातच जन्मलेली पिल्लं उसालाच जंगल समजतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर-अकोले भागात केलेल्या कामातून दिसलं की माणसांच्या वस्तीजवळच्या बिबट्याचं पोट मोठ्या प्रमाणात पाळीव जनावरांवर, विशेषतः कुत्र्यांवर चालतं; आणि पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले तर तिथे माणसांवरचे हल्ले वाढू शकतात. म्हणजे रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा आणि कोपऱ्यावर साचलेल्या कचऱ्याभोवतीची भटकी कुत्री, यांचा बिबट्याशी थेट संबंध आहे. ज्यांच्या घरातलं मूल बिबट्याने नेलं, त्यांच्यापुढे मी आकडेवारी घेऊन उभी राहणार नाही. त्यांचा राग आणि भीती खरी आहे. पण त्यांचं पुढचं मूल वाचवायचं असेल तर पिंजरा कुठे लावायचा, कुत्रा कुठे बांधायचा, ऊस तोडताना काय पाहायचं, हे ठरवायला बिबट्या पाहिलेली, समजलेली माणसं लागतील. पंचायतीत, महापालिकेत, वर्तमानपत्रात, सगळीकडे लागतील.

आणि कुत्रा चावल्यावर? रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो हे आमच्या वर्गातल्या कुणीही सांगितलं असतं. माझ्या ओळखीच्या एका घरात, विज्ञान शाखेचा मुलगा घरात असताना, चावलेल्या जागी तिखट आणि चुना भरला गेला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लसीसाठी दवाखाना गाठायचा, कारण लक्षणं दिसायला लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो, एवढं त्याला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर त्याने लिहिलंही असतं. घरातल्या मोठ्यांपुढे उभं राहून सांगायला मात्र ते ज्ञान अंगात भिनलेलं असावं लागतं.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात आधी येतो तो नकलेचा. जर्नल उतरवून काढणारी मुलं ही वहीही उतरवतील. काही उतरवतील, हे मी नाकारत नाही. पण जर्नलमधला प्रयोग सगळ्यांचा एकच असतो आणि वहीतली मांजर प्रत्येकाची वेगळी असते. तोंडी परीक्षेत पाच मिनिटं विचारलं, "ऑगस्टमध्ये ती खायची बंद का झाली? तुला काय वाटलं? मग तू काय करून पाहिलंस?" तर पाहिलेलं मूल आणि न पाहिलेलं मूल लगेच वेगळं कळतं. शिक्षकांना तेवढा वेळ नाही असं म्हणतात. पूर्ण गुण वाटायला जर्नलांवर सह्या करण्यात जातो तो वेळ इकडे द्यावा.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अशी सक्ती झाली तर पालक प्रोजेक्टसाठी म्हणून प्राणी विकत आणतील. जुलैत ससा येईल आणि मार्चमध्ये परीक्षा झाली की तो रस्त्यावर सोडला जाईल. हे होऊ शकतं, म्हणून नियम पहिल्याच पानावर छापावा लागेल: वहीसाठी कुठलाही प्राणी विकत आणायचा नाही, कुठलाही रानटी जीव पकडायचा नाही, घरटं हलवायचं नाही. जे आधीपासून तुमच्या भोवती आहे तेच पाहायचं. घरात कुत्रा असेल तर कुत्रा. नसेल तर पाल.

पालीचं मी मुद्दाम म्हणते आहे, कारण गरिबाच्या मुलाने काय करायचं हा प्रश्नही विचारला जातो. अंबड-सातपूरच्या एका खोलीत पाच माणसं राहतात तिथेही पाल असते, मुंग्या असतात, खिडकीत कोळी जाळं विणतो. ट्यूबलाइट लागल्यावर पाल किती वाजता येते, दुसरी आली तर काय करते, कुठला किडा खाते आणि कुठला सोडते, एवढं वर्षभर लिहिलं तरी ते चांगलं संशोधन आहे. आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवरून नाशिकला हॉस्टेलला येऊन शिकणाऱ्या मुलांचा विचार करा. पहिल्या पावसानंतर खेकडे कुठल्या दगडाखाली मिळतात, कुठली अळंबी खायची आणि कुठली नाही, कुठला पक्षी ओरडला की पाऊस लांबतो असं त्यांच्याकडे मानतात, हे त्यांना माहीत असतं. आमच्या वर्गात ती मुलं मागच्या बाकावर गप्प बसायची, कारण इंग्रजी शब्द त्यांना अवघड जायचे. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे त्याला आजवर बोर्डाच्या परीक्षेत एक गुण मिळालेला नाही. या वहीत ती आमच्यापेक्षा पुढे असतील. मला ही मागणी सगळ्यात जास्त याच कारणासाठी हवी आहे.

नाशिकसारखी जागा तरी किती शहरांना मिळते? चाळीस किलोमीटरच्या आसपास नांदूरमध्यमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. हिवाळ्यात तिथे थापट्या आणि तलवार बदकं, चक्रवाक, कधी रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आणि वर घिरट्या घालणारे दलदली भोवत्या हे शिकारी पक्षी. येवल्याकडे ममदापूरला काळवीट. शहराला लागून बोरगडचं राखीव जंगल. अंजनेरीच्या पठारावर एक कंदीलपुष्प आहे, २००६ साली विज्ञानाला नवं म्हणून नोंदलं गेलेलं, आणि त्याला नावच अंजनेरीवरून मिळालं. मी एम.एस्सी.च्या वर्गात विचारलं तेव्हा आमच्यातल्या पाच जणांनी ते पाहिलेलं होतं. बाकीचे अंजनेरीला जाऊन आले होते, फोटो काढून आले होते.

२०२५ च्या अखेरीस, येत्या कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि नाशिककर त्याविरुद्ध उभे राहिले. मीही गेले होते. माझ्याबरोबर कॉलेजची बरीच मुलं होती, मनापासून आलेली. त्यांतल्या चौघांना मी विचारलं, की समोरच्या झाडांपैकी कुठली ओळखता येतात. वड आला, पिंपळ आला, चिंच आली. मग आम्ही पाचहीजण गप्प झालो, कारण त्यापुढे मीही थोडीच सांगू शकले असते. आम्ही ज्यांच्यासाठी घोषणा देत होतो त्यांची नावं आम्हाला येत नव्हती. कुठल्या ढोलीत पोपटाचं घरटं आहे हे कुणाच्या वहीत असतं, तर तो कागद कुठल्याही फलकापेक्षा जड ठरला असता.

सोसायट्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण वहीसाठी जागा तिथेच उरली आहे. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत नव्या इमारतींत "कुत्रे-मांजरी पाळण्यास मनाई" असे फलक दिसतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलंय की सोसायटीला, अगदी बहुमताने ठराव केला तरी, पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. ते झालं कायद्याचं. पण ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांचंही ऐकलं पाहिजे. साखळी, लसीकरणाची नोंद, कुत्र्याने केलेली घाण मालकाने उचलणं, यांत माझ्यासारख्या प्राणी आवडणाऱ्यांनी कुठलीही सूट मागू नये. मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची: आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना एक कोपराही मातीचा ठेवत नाहीत. गोदावरीच्या पात्रात आपण जसं काँक्रीट घातलं, तसंच घराभोवती घालतो आहोत. तिथे मुंगीचं बीळसुद्धा होत नाही. मग मूल पाहणार काय?

बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. अनुच्छेद ५१ क. ती १९७६ साली संविधानात आली. त्यात निसर्गाचं जतन आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी हे एक कलम आहे, आणि लगेच त्याच्या खालचं कलम वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासूवृत्तीचं. छ आणि ज. मी शाळेत ती रोज पाहायचे आणि कधी वाचली नाहीत. आता मला ती शेजारी शेजारी असणं फार बरोबर वाटतं. राज्य सरकार २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा करतं. तोही चांगला आहे, पण तो आठ दिवसांचा. त्या आठ दिवसांत शाळांमधून चित्रं रंगवली जातात. पाहुणे पक्षी सप्टेंबरमध्ये येतात, मार्चमध्ये जातात, आणि ते येणं-जाणं ज्याला पाहायचंय त्याला वर्ष लागतं.

मखमलाबाद रस्त्याच्या त्या मुलीने त्या रात्रीनंतर वही घातली. तिला गुण मिळणार नव्हते आणि आईचा विरोध होता. मी आईला सांगितलं, रोज दहा मिनिटं, जेवणानंतर. जुलैभर तिने प्लॉटमधल्या पाण्यातले बेडूकमासे पाहिले. कुठल्या दिवशी मागचे पाय फुटले, कुठल्या दिवशी पुढचे, पाणी आटत चाललं तसं कोण कुणाला खातं आहे, हे सगळं तिने लिहिलं. एके ठिकाणी नुसतं लिहिलंय, "आज बगळा आला. वाईट वाटलं. पण तोही उपाशी असेल." दिवाळीनंतर प्लॉट कोरडा पडला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, पुस्तकात लिहिलंय की बेडूक ग्रीष्मनिद्रा घेतो. पण नक्की कुठे? याच प्लॉटमध्ये की भिंतीपलीकडच्या द्राक्षबागेत?"

हे मला सांगता आलं नाही. तिच्या परीक्षा मे महिन्यात संपतील. पुढचा पाऊस पडेल त्या संध्याकाळी आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या राहणार आहोत, ती प्लॉटच्या कडेला आणि मी द्राक्षबागेच्या बांधावर, ते कुठून येतात ते पाहायला. आईनेही विचारलंय, टॉर्च दोनच आहेत की तिसरा आणायचा.